तांदळाच्या डब्यातला मोबाइल

मुलगी झाली तेव्हा मी मस्कतपासून दोन तासांवर, उघड्या माळावर, एका मोबाइल टॉवरच्या पायथ्याशी उभा होतो. हातात लाल रंगाचा डबा होता. टॉवर रंगवायचा, वर चढून बोल्ट आवळायचे, खालची केबल वर ओढून घ्यायची, हे माझं काम. शाळा आठवीत सुटली. वडील बोटीवर खलाशी, त्यांची कंबर गेली, ते घरात बसले आणि मी माडांवर चढायला लागलो. माडावर चढणारा टॉवरवरही चढतो, तेवढ्या शिक्षणावर मला व्हिसा मिळाला. त्याबद्दल मी अजून शुक्र मानतो. रत्नागिरीच्या मांडवीतल्या आमच्या घरावर आज पक्कं छप्पर आहे ते त्या चढण्यामुळे.

साल दोन हजार चार. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या उजव्या कानात बांग देतात. पहिला आवाज अल्लाच्या नावाचा पडावा म्हणून. ती बापानेच द्यावी असं काही नाही, घरातला कोणीही मोठा माणूस देतो. रत्नागिरीच्या प्रसूतिगृहात माझे सासरे हातपाय-तोंड धुऊन, वजू करून, डोक्यावर टोपी घालून तयार उभे होते. पूर्णगडचा माणूस, सगळा जन्म समुद्रावर गेलेला, आवाज असा की या होडीवरून त्या होडीवर जाईल. पण गेल्या रजेत मी आणून दिलेला मोबाइल सासूबाईंच्या हातात होता आणि मी हटून बसलो. पोर माझी, बांग मी देणार.

सासरे एवढंच म्हणाले, "द्या जावई. बाप जिता असताना मी कशाला मधे?" आणि बाजूला झाले.

हॉस्पिटलात रेंज नीट नव्हती. अर्ध्यावर तुटलं. पुन्हा लावला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदा पुरी झाली. सासूबाईंनी सांगितलं, पोर एकदम शांत पडून होती, डोळे मिटून ऐकत होती. मी रंगाचा डबा खाली ठेवला आणि तिथेच बसून रडलो. बरोबरची माणसं समजली की घरी कोणीतरी गेलं.

पुढे ते चालूच राहिलं. दर शुक्रवारी, जुम्याची नमाज झाली की मी फोन लावायचा आणि बायकोने तो पोरीच्या कानाला धरायचा. मी काहीही बोलायचो. आज किती ऊन होतं, काय खाल्लं, टॉवरवरून समुद्र कसा दिसतो. फोनचं कार्ड संपेपर्यंत बोलायचो. बायको सांगायची की फोन कानाला लागला की पोर रडायची थांबते. मग आठवड्यातून एकदाचं तीनदा झालं. कधी पोर झोपली तरी मी म्हणायचो, राहू दे कानाशी, झोपेत पण ऐकतात पोरं. "कान गरम होतो ओ तिचा," बायको एकदा म्हणाली. मी हसलो. मला त्यात मायाच दिसली.

दीड वर्षाने कंपनीत आम्हाला एक दिवस कामावर न पाठवता हॉलमध्ये बसवलं. आमचा सुपरवायझर केरळचा, माझ्यापेक्षा थोडाच मोठा, हिंदी बरी बोलायचा. त्याने एक पिवळा बोर्ड दाखवला. त्यावर टॉवरच्या अँटेनासमोर उभा राहिलेला माणूस आणि त्याच्या अंगाकडे येणाऱ्या वाकड्या रेषा. समजावून सांगितलं की अँटेना चालू असताना तिच्या तोंडासमोर जायचं नाही, आधी बंद करून घ्यायची, त्या लहरींनी अंग आतून तापतं. सगळ्यांनी मुंड्या हलवल्या. मागून एकाने विचारलं की मग आमच्या खिशातल्या मोबाइलचं काय. सगळे हसले.

सुपरवायझर हसला नाही. त्याने सरळ उत्तर दिलं, तो सरळ माणूसच होता. म्हणाला, मोबाइलचा जोर याच्यापुढे काहीच नाही, घाबरू नका. पण बाहेरच्या काही देशांत सांगतात की लहान पोरांना कमी द्या. त्यांच्या डोक्याची हाडं पातळ, मेंदू अजून वाढतोय. काही होतं असं अजून कोणी दाखवलेलं नाही, काहीच होत नाही असंही कोणी ठामपणे सांगत नाही. शोधतायत.

त्याने सांगितलेल्यातलं मला तेवढंच ऐकू आलं. हाडं पातळ. मेंदू वाढतोय. 'कोणी दाखवलेलं नाही' हे कानावर पडलं असेल, आत गेलं नाही. चहाच्या सुट्टीत मी त्याला गाठून उगाच दुसऱ्याच कोणाची गोष्ट असल्यासारखं विचारलं की रेंज नसेल तर फोन जास्त तापतो काय. तो म्हणाला, तापतो, रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो. मला प्रसूतिगृहातली ती तुटणारी लाइन आठवली. तीनदा, तासाभराच्या पोरीच्या कानाशी.

आणि नेमक्या त्याच महिन्यात घरून बातमी येत होती की पोर बोलत नाही. शेजारच्या तिच्या वयाच्या मुली अम्मा, पानी, मासा असं काय काय म्हणायला लागल्या होत्या. आमची हसायची, पळायची, हाताला धरून ओढत न्यायची, पण तोंडातून शब्द नाही. माझी अम्मा म्हणायची, आमच्या खानदानात पोरं उशिराच बोलतात, तुझा बाप चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता, नंतर थांबला नाही. बायकोला ते पटत नव्हतं. तिने मला दोनदा सांगितलं की कानाच्या डॉक्टरला दाखवूया.

आणि मी म्हणालो, थांब, मी आल्यावर दाखवू.

हे मी का म्हणालो ते लिहायला मला लाज वाटते, तरी लिहितो. डॉक्टर विचारेल, काय झालं होतं, कधीपासून. मग सगळं निघेल. कोणी मोबाइल कानाला धरायला लावला, कोणाच्या हट्टापायी आजोबाला बाजूला केलं. मांडवीत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. पोरीचा मेंदू बापाने जाळला. मी हे रोज, टॉवरवर चढताना, पायरीपायरीला मनात ऐकत होतो.

मी पोरीशी फोनवर बोलणं बंद केलं. बायकोला सांगितलं, फोन तिच्याजवळ नेऊ नको, उशाशी ठेवू नको, मी फोन केला तर अंगणात जाऊन बोल. का ते सांगितलं नाही. जुम्याला फोन करायचो, दोन मिनिटं, पोर बरी आहे काय, जेवली काय, ठेवतो. असं सात-आठ महिने.

एकदा असाच फोन लावला होता. मला मागे कोंबड्यांचा आवाज ऐकू येत होता, म्हणजे ती अंगणातच होती. मग म्हणाली, "पोर बोलत नाय म्हणून बापाने पण तोंड बंद केलं?"

मी म्हणालो तसं नाही. ती म्हणाली, मग कसं ते सांगा. मी कार्ड संपत आलंय म्हणालो. तिने फोन ठेवला, पहिल्यांदाच माझ्याआधी.

दोन हजार सहाच्या सुरुवातीला रजा मिळाली. मिळायची नव्हती, पण सुपरवायझरने आपली पाळी मला दिली. त्याच्या घरी तेव्हा बहिणीचं लग्न होतं हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. त्याचे उपकार मी फेडू शकत नाही.

घरी आलो तर पोर आजीच्या पाठीमागे लपली. दोन वर्षांची. डोळे माझ्यासारखे. मी हाक मारली, तिने बघितलंच नाही, माझ्या बॅगेच्या चाकाकडे बघत होती. मी चाक फिरवलं तेव्हा खूश झाली. मी बायकोकडे बघितलं आणि बायकोने नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात गेलो आणि वर बघितलं. आमच्या घरामागच्या शेजाऱ्याच्या दोन मजली घराच्या गच्चीवर टॉवर उभा होता. मी नव्हतो तेव्हा लागला होता. घरातल्यांना त्याचं काहीच नव्हतं, उलट अम्मा खूश होती की आता घरात बसून रेंज येते. मला मात्र खालूनच कळलं, तीन अँटेना, आणि त्यातल्या एकीचं तोंड आमच्या माजघराच्या खिडकीकडे. त्याच खिडकीखाली पोर झोपायची.

मग मी जे केलं ते बघून घरच्यांना वाटलं याला उन्हाचा झटका आलाय. गोठ्याचा जुना पत्रा काढला आणि खिडकीवर ठोकला. पोरीचं अंथरूण चुलीच्या खोलीत हलवलं. अम्मा म्हणाली, "मस्कतला जाऊन येडा झालास काय रे? वारा कुठून येणार?" मी म्हणालो, वाऱ्याचं नंतर बघू. बायको मला पत्रा धरायला मदत करत होती, कशासाठी ते माहीत नसताना.

शेवटी राहिला मोबाइल. तो बंद करून ठेवता आला नसता, कंपनीचा फोन येणार होता. पत्र्यातून लहरी जात नाहीत एवढं मी कामावर शिकलो होतो. म्हणून स्वयंपाकघरातला तांदळाचा मोठा पत्र्याचा डबा घेतला, अर्धा रिकामा झालेला, त्यात मोबाइल ठेवला आणि झाकण घट्ट दाबलं. दिवसातून चार वेळा काढून बघायचं कोणाचा फोन येऊन गेला काय, परत आत. अम्मा शेजारणीला सांगत होती की पोरगा गल्फवरून आला आणि मोबाइल पेरून ठेवलान, आता उगवण्याची वाट बघतो. शेजारीण हसून हसून वाकली.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो आणि डबा वाजायला लागला. टॉवर एवढा जवळ होता की माझ्या पत्र्याचं काही चाललं नाही. मोबाइल सरकून कडेला टेकला होता, रिंग आणि थरथर दोन्ही चालू, सगळा डबा घरघरत होता. पोर डब्याला पाठ टेकून बसली होती. ती दचकली, वळली, आणि दोन्ही तळवे डब्यावर ठेवून हसायला लागली. असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. आम्हीही हसलो.

मी उठलो, डबा उघडला, मोबाइल हातात घेतला. तो माझ्या हातात वाजतच होता, चांगला मोठ्याने, तिच्या डोक्यामागे हातभर अंतरावर. आणि पोर डबा थापटत होती. तळवे उचलायची, ठेवायची, आत बघायची. गेलं कुठे ते शोधत होती.

बायकोने हातातला घास ताटात ठेवला. ती उठली, पोरीच्या मागे गेली आणि स्टीलचं ताट तिच्या कानामागे पळीने जोरात वाजवलं. अम्माने कान झाकले. पोर डब्यात बघत होती.

"तिला ऐकू येत नाय," बायको म्हणाली. "मी तुम्हाला किती वेळा सांगत होते."

ती ओरडली नाही. ताट परत जागेवर ठेवलं, त्यातला भात सांडला होता तो गोळा केला. मोबाइल माझ्या हातात वाजून वाजून बंद झाला. मी फोन उचलला नाही.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासून कोल्हापूरला पाठवलं. तिथे पोरीला औषध देऊन झोपवलं आणि डोक्याला, कानामागे वायरी चिकटवल्या. मी दारातून बघत होतो. मला वाटत होतं की आता पुन्हा हिच्या डोक्यात काहीतरी सोडतायत आणि पुन्हा मीच सही केली आहे. बायकोने माझा शर्ट मागून धरून ठेवला होता, मी आत घुसू नये म्हणून.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. कागद पुढे ठेवून हळूहळू सांगितलं. दोन्ही आतले कान जवळजवळ काम करत नाहीत. बहुतेक जन्मापासूनच. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही याचं त्यांना नवल वाटलं नाही, म्हणाल्या, ही पोरं हुशार असतात, दार आपटलं तर जमिनीची थरथर कळते, सावली कळते, घरच्यांना वाटतं ऐकलं. जवळ घेऊन कानाला काही लावलं की शांत होणारच, आईच्या कुशीत आहे ना.

मी मग सगळं सांगून टाकलं. बांग, जुमा, गरम झालेला कान, टॉवर, पत्रा, डबा. बायकोने ते तिथे पहिल्यांदा ऐकलं. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी विचारलं, "बाई, मी केलं काय हे?"

त्या म्हणाल्या, "कानाचं मोबाइलमुळे झालेलं नाही, असंच माझं मत आहे. ते आधीच होतं. लहान मेंदूवर या लहरींचं काय होतं ते मला विचाराल तर पुरं कोणालाच माहीत नाही, फोन पोरांपासून लांब ठेवलात तर वाईट काही नाही." मग चष्मा काढला. "पण मेंदूत भाषा रुजायची वर्षं हीच असतात. आवाज पोचला नाही तर ती जागा रिकामी राहते. वर्षभर आधी का नाही आणलंत?"

बायको तिथे होती. ती सांगू शकली असती. तिने सांगितलं की आम्हाला कळलं नाही.

या एका वाक्यासाठी मी तिचा जन्मभर ऋणी आहे, आणि या एका वाक्यामुळे मला झोप लागत नाही. लहरींनी काही केलं की नाही हे कोणी सांगू शकत नाही, ते देवाला माहीत. मी मात्र माझ्या भीतीने जवळजवळ वर्ष घालवलं, ते मला माहीत आहे. त्या आठ महिन्यांत पोरीपासून मी फोन लांब ठेवत होतो, आणि फोनचा तिला काही उपयोगच नव्हता. तिला हवा होता डॉक्टर. तो एका रिक्षाच्या अंतरावर होता.

परत येताना एसटीत बायको एकच बोलली. घाट उतरत होतो, पोर तिच्या मांडीवर झोपली होती. म्हणाली, "म्हणजे तुमची बांग तिने ऐकलीच नाय." मग थोड्या वेळाने, "माझ्या बाबांची पण ऐकली नसती." मला वाटतं ते ती माझ्यासाठी म्हणाली.

कानाचं यंत्र मिळालं. छातीवर अडकवायची डबी, तिच्यातून दोन वायरी कानांत. सासूबाईंनी त्याला फुलाफुलांची पिशवी शिवली. रत्नागिरीत अशा मुलांचा एक वर्ग चालतो, तिथल्या बाईंनी लगेच घेतलं. उशीर झालाय हे त्यांनीही सांगितलं, पण मला ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, यंत्राने थोडंसंच ऐकू येईल, बाकी ही तोंड बघून शिकणार. समोर बसायचं, उजेड तोंडावर घ्यायचा, ओठ दाखवून बोलायचं, दिवसभर, तेच तेच. बायको पहिल्या दिवसापासून करायला लागली. मासे साफ करताना, पाणी भरताना, सारखी बोलते. पाणी. पाणी. बघ, पाणी.

माझी रजा तोपर्यंत संपत आली होती. राहिलो असतो तर यंत्राचे सेल कुठून आणले असते, कोल्हापूरच्या खेपा कशा झाल्या असत्या? सगळ्यांनी सांगितलं जा. बायकोनेही सांगितलं. मी गेलो. आणि विमानात बसल्यावर लक्षात आलं की आता मी या पोरीशी कसंच बोलू शकत नाही. दुसऱ्या बापांना निदान फोन आहे.

बायको आता पत्र लिहिते. फोनवर घाईत सांगितलेलं मी विसरतो, म्हणून पोर कोणकोणते शब्द बोलते ते ती कागदावर लिहून पाठवते. बाहेरच्या माणसाला कळणार नाहीत असे शब्द, पण घरात कळतात. पहिला 'पा', म्हणजे पाणी. मग 'मा'. मग सहा महिने काही नाही, तेव्हा मी रोज जेवण टाकून उठायचो. मग 'ये'. मग 'नाय', तो एकदम स्पष्ट. गेल्या पत्रापर्यंत अकरा झाले. पोर पाच वर्षांची होईल. शेजारच्या मुली आता बालवाडीत कविता म्हणतात.

अब्बा त्यात नाही. बायकोने लिहिलं होतं की 'ब'साठी ओठ मिटते, पण पुढे जात नाही, आणि तुमचा फोटो दाखवते तर त्यात तुम्ही तोंड बंद करून उभे आहात. बाईंनी सांगितलं आहे की फोटो पाठवायचाच तर बोलतानाचा पाठवा.

म्हणून मागच्या सुट्टीच्या दिवशी माझ्या खोलीतल्या दापोलीच्या माणसाला मी कॅमेरा दिला आणि खिडकीसमोर, उजेडात बसलो. एक फोटो ओठ मिटलेला. एक ओठ सुटतानाचा. एक पूर्ण उघड्या तोंडाचा. तो म्हणत होता, "दात दाखवू नको रे, पोर घाबरेल," आणि बाकीचे खाटांवर लोळून हसत होते. मला चौथा पण हवा होता, मधला, ओठ फुगतात तो, तो काही केल्या पकडता येईना. रीळ संपेपर्यंत मी अब्बा अब्बा म्हणत बसलो. मग हसणं थांबलं आणि कोणीतरी टीव्ही बंद केला.

तो दापोलीवाला परवा रजेवर गेला. पाकीट त्याच्याबरोबर दिलं आहे. तो आधी आपल्या घरी जाईल, मग एखाद्या दिवशी रत्नागिरीला. पाकिटावर मी बायकोचं नाव लिहिलं, आणि आत चिठ्ठी टाकली की फोटो कोणत्या क्रमाने दाखवायचे.